कॉलर माईक घेताय? आधी पिन बघा, मग कंपनी

द्राक्षाच्या छाटणीचे, हळदीच्या भावाचे, तालमीतल्या पोरांचे, आजीच्या रेसिपीचे असे सगळ्याचे व्हिडिओ आता आपल्या सांगली-साताऱ्याकडं गावोगाव होतायत आणि चित्र बघितलं तर एकदम झकास असतं, फोनचे कॅमेरे खरंच चांगले झालेत, पण आवाज ऐकला की माणूस विहिरीत बसून बोलतोय असं वाटतं. मग फोन येतो, "दादा, कुठला माईक घेऊ?" मी दरवेळी आधी तीनच गोष्टी विचारतो, कशाला जोडणार, कुठं बोलणार आणि कोण बोलणार. एवढं नीट सांगितलं की निम्मा माईक तिथंच ठरतो, कंपनीचं नाव शेवटी येतं.

आधी हे समजून घ्या की कॉलर माईकनं आवाज सुधारतो तो माईक भारी असतो म्हणून नाही, तो तोंडाजवळ असतो म्हणून. फोन आठ फुटांवर स्टँडला लावला तर त्याला तुमचा आवाज, पंख्याचा आवाज आणि भिंतीवर आपटून परत आलेला आवाज असं सगळं जवळजवळ सारख्याच जोरात मिळतं. अंतर दुप्पट झालं की बोलणाऱ्याचा थेट आवाज साधारण ६ डेसिबलनं खाली येतो, पण खोलीतला घुमणारा आवाज होता तेवढाच राहतो, म्हणून विहीर. तेच माईक हनुवटीच्या खाली वीतभर अंतरावर, छातीच्या मधोमध आला की आवाज पुढं येतो आणि खोली मागं पडते. त्यामुळं आठशे-हजाराचा माईक जवळ लावलेला हा पंचवीस हजाराचा माईक लांब ठेवलेल्यापेक्षा चांगला वाजतो, हे मी कितीदा तरी शेजारी शेजारी लावून लोकांना ऐकवलंय.

दुकानात कॉलर माईक म्हणा नाहीतर लॅव्हलिअर म्हणा, वस्तू एकच. लॅव्हलिअर हा मूळ दागिना, गळ्यात लोंबणारं पदक, फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारातल्या एका बाईच्या नावावरून आलेला, आणि सुरुवातीचे माईक तसेच दोरीनं गळ्यात अडकवायचे म्हणून ते नाव चिकटलं. आता ते वाटाण्याएवढं झालंय.

आता पिन. ह्यावर मी जास्त बोलणार आहे कारण सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त रेकॉर्डिंग इथंच वाया जातात.

मिरजेत सतारमेकर गल्लीत मी एका कारागिरांकडं गेलो होतो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली जीआय मानांकन मिळालं त्यानंतरची गोष्ट. चाचा सत्तरीच्या पुढचे, मांडीवर तानपुरा घेऊन जवारी लावत होते, म्हणजे तारेला तो घुमणारा झणकार यावा म्हणून घोडीवर, तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस अगदी हलकी फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, परत एकदोन हात फिरवायचा. आणि हे करता करता ते सांगत होते की कुठल्या गायकाला कशी जवारी लागते, कोणाला उघडी, कोणाला बंद, बापाकडून कसं शिकले, मार कसा खाल्ला. सव्वा तास बोलले. त्यांच्या शर्टाला माईक लावलेला, वायर फोनला जोडलेली, मी निवांत. घरी येऊन ऐकतो तर पंखा ऐकू येतोय, बाहेरची रिक्षा ऐकू येतीय आणि चाचा लांबून काहीतरी पुटपुटतायत. माईक एका ओळखीच्याचा होता, कॅमेऱ्याचा, त्याची पिन फोनला चालणारी नव्हती. फोननं ती ओळखलीच नाही आणि गपचूप स्वतःच्या माईकवर रेकॉर्ड करत बसला. स्क्रीनवर काही सूचना नाही, काही नाही.

म्हणून पिन हातात घेऊन बघा. गोल ३.५ एमएमच्या पिनवर काळ्या रेघा असतात, कधी पांढऱ्या किंवा हिरव्या. दोन रेघा असल्या तर ती टीआरएस, ती कॅमेऱ्याची आणि रेकॉर्डरची. तीन रेघा असल्या तर टीआरआरएस, ती फोनची, कारण फोनच्या एकाच भोकातून कानाला आवाज जाणं आणि माईकचा आवाज आत येणं दोन्ही चालतं, त्याला एक जोडणी जास्त लागते. दोन रेघांचा माईक फोनला लावायचा तर मधे छोटं कनव्हर्टर लागतं, उलट करायचं तर उलटं कनव्हर्टर लागतं, दोन्ही वेगवेगळे असतात. रोड कंपनीचे एससी थ्री आणि एससी फोर ह्याच कामाचे आहेत, एससी फोर कॅमेऱ्याची पिन फोनला लावायला आणि एससी थ्री फोनची पिन कॅमेऱ्याला लावायला. दुकानदाराला नुसतं "कनव्हर्टर द्या" म्हणू नका, दोन रेघा का तीन रेघा आणि कशात लावायचं ते सांगा.

बोया कंपनीचा एम वन हा वायरचा माईक एवढा खपतो त्याचं एक कारण हेच आहे की त्याच्या वायरीत एक डबी असते, तिला स्विच असतो, एका बाजूला फोन आणि एका बाजूला कॅमेरा, त्यामुळं दोन्हीकडं चालतो. वायर ६ मीटर, म्हणजे वीस फुटाच्या आसपास, खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरते. किंमत हजाराच्या आसपास. पण त्या डबीत एक एलआर ४४ चा सेल असतो, घड्याळाच्या सेलसारखा, स्विच कॅमेऱ्याकडं असताना तो लागतो. काम झाल्यावर स्विच तसाच राहिला तर सेल उतरतो आणि पुढच्या वेळी कॅमेऱ्यात आवाजच येत नाही. जास्तीचे दोन सेल माईकच्या पाऊचमधे टाकूनच ठेवा, घड्याळ दुरुस्तीवाल्याकडं मिळतात.

नव्या बहुतेक फोनला गोल भोकच नाही. मग टाईप सी चा माईक घ्या किंवा टाईप सी टू ३.५ एमएमचं कनेक्टर घ्या, पण इथं एक खोच आहे, काही स्वस्त कनेक्टरमधे नुसत्या वायरी असतात, आत चिप नसते, ते एका फोनला चालतात आणि दुसऱ्याला अजिबात चालत नाहीत. ज्याच्या आत डॅक म्हणजे आवाजाची चिप आहे तोच घ्या आणि त्याला माईक चालतो का हेही विचारा, काही फक्त ऐकण्यापुरते असतात. आयफोनवाल्यांनी एवढं बघायचं की १५ पासून टाईप सी आहे, त्याआधी लाईटनिंग, त्यामुळं १४ वाल्यानं मित्राचा टाईप सी रिसीव्हर, म्हणजे बिनवायरच्या माईकचा फोनला लागणारा तुकडा, मागून काही उपयोग नाही.

आणि सगळं बरोबर जोडलं तरी फोनचा कॅमेरा बाहेरचा माईक घेतोय का हे तपासायचंच. उपाय एकदम साधा, रेकॉर्डिंग चालू करून माईकच्या जाळीवर नखानं हलकं खरडा, मग फोनच्या खालच्या भोकाजवळ खरडा, बंद करून ऐका. पहिली खरखर मोठी आली तर माईक चालू आहे, दुसरी मोठी आली तर फोन स्वतःच ऐकतोय. अँड्रॉइडमधे फोनचा कॅमेरा ऐकत नसेल तर ओपन कॅमेरा नावाचं फुकट अ‍ॅप आहे, त्याच्या सेटिंगमधे आवाज कुठून घ्यायचा ते निवडता येतं, तिथं बाहेरचा माईक निवडा. ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा अ‍ॅपही फुकट आहे, त्यात आवाजाचा मीटर हलताना दिसतो. दहा सेकंदाचं काम आहे, मी ते मिरजेत केलं नव्हतं.

आता वायरचा का बिनवायरचा. मी स्पष्ट सांगतो, पहिला माईक वायरचाच घ्या. बसून बोलायचं असेल, रेसिपी असेल, शिकवणी असेल, मुलाखत असेल तर वायरला तोड नाही, चार्जिंग नाही, आवाज तुटणं नाही, आणि तेवढ्याच पैशात बिनवायरच्यापेक्षा कितीतरी चांगला आवाज मिळतो. चारपाचशे रुपयांचे ते टाईप सी चे छोटे वायरलेस जे सगळीकडं दिसतात त्यात मागं सतत स्स्स असा फुसकारा येतो आणि शब्दांच्या कडा खाल्ल्यासारख्या होतात, माझ्या हातात आलेल्या चारपाच जोड्यांचा तरी हाच अनुभव. ब्लूटूथचा इअरफोन माईक म्हणून वापरायचा विचार तर सोडूनच द्या, तो कॉलसाठी आवाज दाबून पाठवतो, टेलिफोनसारखाच येणार.

चालत बोलायचं असेल, म्हणजे बागेत ओळीतून फिरत छाटणी दाखवायची असेल किंवा किल्ल्यावर माहिती द्यायची असेल, तर बिनवायरचा लागतो हे खरं. पण त्याच्या आधी एक जुगाड करून बघा. घरात पडलेला जुना फोन घ्या, त्याला वायरचा माईक लावा, एअरप्लेन मोड टाका, आवाजाचं रेकॉर्डिंग चालू करून तो फोन बोलणाऱ्याच्या खिशात टाका आणि कॅमेऱ्यासमोर एक कडक टाळी वाजवा. एडिटिंगमधे दोन्हीकडची टाळी जुळवली की झालं, रेंजचा प्रश्नच मिटला. मोठी मुलाखत असेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी परत टाळी वाजवा कारण दोन यंत्रांचं घड्याळ हळूहळू सरकतं आणि ओठ आणि आवाज वेगळे पडायला लागतात. एअरप्लेन मोड विसरू नका, मधे कोणाचा फोन आला तर रेकॉर्डिंग बंद पडतं.

बिनवायरचा घ्यायचाच असेल तर डबीवर लिहिलेल्या शंभर-दोनशे मीटरवर जाऊ नका. तो आकडा मोकळ्या मैदानात, मधे काही नसताना. हे माईक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, तेच वायफायचं आणि ब्लूटूथचं, आणि ही लहर पाण्यात शोषली जाते, माणसाचं शरीर म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. त्यामुळं बोलणाऱ्यानं पाठ फिरवली की त्याचं अंगच मधे येतं आणि आवाज तुटतो. द्राक्षाच्या मांडवाखाली पानांनी भरलेल्या बागेत तर जास्तच. ट्रान्समीटर, म्हणजे बोलणाऱ्याच्या अंगावरचा तुकडा, नेहमी पुढच्या बाजूला, कॅमेऱ्याला दिसेल असा लावा. जत्रेत, लग्नात, जिथं हजार फोन चालू आहेत तिथं जवळ जवळ उभं राहूनच शूट करा. ज्या ट्रान्समीटरच्या आतच रेकॉर्डिंग होतं, रोडचा वायरलेस गो टू किंवा डीजेआयचा माईक टू, तो घेतला तर हवेत आवाज तुटला तरी मूळ आतल्या मेमरीत शाबूत असतो. मी लग्नाचं किंवा परत न होणारं काम करणाऱ्याला तोच घ्यायला सांगतो. हॉलीलँडचा लार्क एम टू बटणाएवढा आणि जेमतेम ९ ग्रॅमचा, छान आहे, पण आत रेकॉर्डिंग नाही. डीजेआयच्या माईक मिनीतही नाही. रोजच्या व्हिडिओला दोन्ही चालतील.

दोघांची मुलाखत असेल आणि दोन माईकचा सेट असेल तर सेटिंगमधे मोनो काढून स्टिरिओ करा म्हणजे एकाचा आवाज डाव्या बाजूला आणि दुसऱ्याचा उजव्या बाजूला वेगळा पडतो. एक जण खोकला, दुसरा बोलत होता, तर खोकला काढून टाकता येतो. एडिट करून झालं की दोन्ही मधे आणायचे, नाहीतर लोकांना एका कानात आबा आणि एका कानात तुम्ही ऐकू येणार. आणि दोघांना थोडं लांब बसवा. आपापला माईक तोंडापासून जेवढा लांब आहे त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माईकमधे हवं, नाहीतर एकाच माणसाचा आवाज दोन्हीत जाऊन पोकळ होतो.

माईक कुठल्या दिशेनं ऐकतो हेही डबीवर असतं. ओम्नी म्हणजे चारी बाजूनं ऐकणारा, कार्डिऑइड म्हणजे समोरून जास्त. लोकांना वाटतं की समोरून ऐकणारा चांगला, बाकीचा गोंगाट येणार नाही. कपड्यावर लावायला मात्र ओम्नीच घ्या. माणूस बोलताना मान इकडं तिकडं करतो, ओम्नीत आवाज फारसा बदलत नाही, शिवाय कपड्याची आणि वाऱ्याची खरखर कार्डिऑइडला जास्त लागते. कार्डिऑइड घ्यायचा तो स्टेजवर, जिथं समोर स्पीकर आहेत आणि माईकनं शिट्टी मारायला नको. चाचांकडं परत गेलो तेव्हा मला ओम्नीचा आणखी एक फायदा कळला, त्यांच्या छातीवरच्या माईकनं मांडीवरचा तानपुराही धरला, बोलणं पुढं आणि तार थोडी मागं. फक्त वाद्यच रेकॉर्ड करायचं असेल तर मात्र कॉलर माईकचं ते काम नाही, त्याला वेगळा माईक लागतो.

वारा. आमच्या सांगलीत एवढा नाही, पण साताऱ्याकडच्या लोकांनी हा भाग नीट वाचा. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत, आणि कासला सप्टेंबरात फुलं बघायला जाल तेव्हा ती सगळी एकाच दिशेला झुकलेली दिसतील. माईकबरोबर जी काळी स्पंजची टोपी येते ती तोंडातून येणाऱ्या प आणि फ च्या हवेला पुरते, पंख्याला कशीबशी पुरते, पठारावर तिचा काही उपयोग नाही. तिथं केसाळ टोपी लागते, तिला डेडकॅट म्हणतात, मांजराच्या पिल्लाच्या केसांसारखे लांब केस असतात, वारा त्या केसात अडकून मंद होतो आणि जाळीपर्यंत धडका पोचत नाहीत. ही टोपी तुमच्या माईकच्या मापाची मिळते का हे माईक घेतानाच विचारा, नंतर शोधत बसायला लागतं. जोराच्या वाऱ्यात तीही हरली तर माईक शर्टच्या आत बटणपट्टीमागं न्या आणि पाठ वाऱ्याकडं करून उभे राहा. वाऱ्यानं एकदा आवाज फाटला की एडिटिंगमधे परत शिवता येत नाही, बारीक घरघर असेल तर ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापून जाते, फाटलेलं जात नाही.

कपड्यांचं सांगतो, कारण आपल्याकडची माणसं टी-शर्टमधे नसतात. कडक इस्त्रीची खादी आणि नायलॉनचं कापड सगळ्यात जास्त कुरकुरतं, जुनं धुतलेलं सुती कापड सगळ्यात गप्प. आबांच्या खांद्यावरचा टॉवेल काढून ठेवायला सांगा, बोलताना ते हमखास तो सारखा करतात आणि माईकवरून फिरवतात. फेट्याचा शेव पुढं असेल तर मागं टाका. बायकांच्या बाबतीत मंगळसूत्र हा मोठा मुद्दा, वाट्या हलल्या की माईकवर टिकटिक येते, म्हणून माईक त्याच्या वर किंवा बाजूला पदराच्या काठाला लावायचा, पदर पिनेनं ब्लाऊजला अडकवलेला असेल तिथं सगळ्यात स्थिर राहतो. आणि मावशींना आपण लावायला जायचं नाही, त्यांच्या हातात द्यायचा, सूनबाईला किंवा मुलीला सांगायचं की इथं असा लावा, मावशी त्यानं मोकळ्या होतात आणि बोलतातही मोकळं.

वायरीचं ओझं क्लिपवर येऊ देऊ नका. क्लिपच्या खाली वायरीचा बोटभर वेढा करून तो कापडाच्या मागं चिकटवा म्हणजे खालून ओढ बसली तरी ती वेढ्यात जिरते. चिकटवायला मेडिकलमधली मायक्रोपोर पट्टी, कातडीला आणि कापडाला दोन्हीला चालते आणि काढताना दुखत नाही. माझ्या बॅगेत ती कायम असते.

डबीवरच्या आकड्यांत दोनच बघा. एक सेल्फ नॉईज, म्हणजे माईक स्वतः किती फुसकारतो, जितका कमी तितका चांगला, नामांकित डीपीए कंपनीच्या ४०६० ह्या कॉलर माईकचा २३ डीबीए (कानाच्या हिशोबानं मोजलेले डेसिबल) आहे, ह्यावरून अंदाज धरा. काही कंपन्या त्याऐवजी सिग्नल टू नॉईज देतात, तो ९४ मधून वजा केला की सेल्फ नॉईज येतो. दुसरा आकडा कमाल आवाज किती पेलतो, कीर्तनकार किंवा पोवाडे म्हणणारा असेल तर हा महत्वाचा. पण स्वस्त माईकच्या डबीवरचे आकडे मी धरत नाही, कानानं ऐकून घेतो.

तर दुकानात काय करायचं. स्वतःचा फोन किंवा कॅमेरा घेऊन जा आणि स्वतःचे इअरफोनही. माईक लावा, नखाची खरड करून बघा, मग अर्धा मिनिट गप्प बसून रेकॉर्ड करा आणि ते ऐका, गप्प असताना किती फुसकारा येतो त्यात माईकची खरी किंमत कळते. मग नेहमीच्या आवाजात बोला, मग मोठ्यानं हसा. मीटर दिसत असेल तर बोलताना उणे १२ डेसिबलच्या आसपास राहावा आणि हसताना उणे ६ च्या वर जायला नको, शून्याला टेकला की आवाज फुटतो. कॅमेऱ्यात आवाजाची ऑटो सेटिंग बंद करा, नाहीतर तुम्ही दम घ्यायला थांबला की तो पंख्याचा आवाज वर ओढतो. वायरलेसमधे आवाज साफ करायचं बटण असतं, ते बंद ठेवून ऐका. चालू केलं की गोंगाट जातो पण माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा होतो, ट्रॅक्टरचा ब्लोअर शेजारी चालू आहे अशा वेळीच ते वापरायचं.

चाचांकडं मी दोन महिन्यांनी परत गेलो. वर सांगितलेला तो हजाराचा वायरचा माईक, शर्टच्या दुसऱ्या बटणाजवळ, वायरीला वेढा, पंखा बंद, रस्त्याकडची खिडकी बंद, आणि ह्यावेळी त्यांना सुरुवातीलाच इअरफोन कानात दिले की बघा कसं येतंय. त्यांनी तार छेडली, डोळे मिटून ऐकली, म्हणाले, "बेटा, इसमें तो जवारी भी आ रही है." मग परत पहिल्यापासून सांगायला बसले, बापाच्या मारापासून.